धुक्याचं त्यानं सांगितलं नव्हतं

वेल्ह्याच्या आत, कानंदी नदीच्या काठी आमचं गाव. गावात मोबाईलला रेंज येते ती एकाच जागी, अंगणवाडीच्या मागच्या बांधावर. मी त्या अंगणवाडीची सेविका, त्यामुळं गावातले सगळे फोन माझ्या कानावरून जातात. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं, सगळं मला आधी कळतं. बनाक्कांचे फोन तर मी मुद्दाम ऐकायची. त्यांना फोनवरचं नीट ऐकू यायचं नाही, म्हणून त्या स्पीकर लावायच्या आणि स्वतः एवढ्या मोठ्यानं बोलायच्या की पोरं आत खिचडी खाता खाता हसायची.

बनाक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. आणि पलीकडून बोलायचा तो त्यांचा एकुलता एक मुलगा, इंद्रजित.

इंद्रजित भोरच्या आयटीआयमधून शिकला. कापूरहोळला एका दुकानात फ्रीज-एसीची कामं केली, मग शिरवळच्या एका कंपनीत लागला आणि कंपनीनं त्याला कोलकात्याला धाडलं. तिथं मासळी ठेवायची मोठाली कोल्ड स्टोरेजं असतात, त्यांची मशिनं बघायचं काम. आमच्याकडं मुंबईला गेलेली माणसं घरोघर आहेत. कोलकात्याला गेलेला तो पहिलाच. थोरल्या भावजींना, म्हणजे चिमाजींना, ते गाव नकाशात कुठं येतं हेसुद्धा मी अंगणवाडीतल्या तक्त्यावर दाखवलं होतं. ते बघून म्हणाले, "लई लांब दिसतंय," आणि वैरण आणायला गेले. भावजी असेच. बोलणं त्यांना जमत नाही. फोनची वेळ झाली की ते गोठ्याकडं वळायचे.

इंद्रजितनं एकच धोशा लावला होता. "आये, तू एकदा हितं ये."

"म्हस कुणावर टाकून येऊ?" आक्का विचारायच्या. म्हशीचं नाव चांदी, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून.

"चांदीला बी घेऊन ये."

तो सुट्टीवर घरी यायचा तेव्हा दोनदा त्याच्याबरोबर जायचं ठरलं होतं. एकदा चांदी व्यायला झाली, एकदा लावणीला माणसं मिळेनात. मग इंद्रजित म्हणाला, "आता मी न्यायला येनार न्हाई. तू तुझी ये. एकदा एकटी येऊन दाखव, मग तुला कुठंबी जायला कुणाची गरज लागायची न्हाई." आणि त्यानं आईला प्रवास शिकवायला घेतला. दर रविवारी, बांधावर, स्पीकरवर.

"आये, पैसे एका जागी ठेवायचे न्हाईत. थोडे कमरंला, थोडे कपड्यांच्या घडीत. वरखर्चाचे सुट्टे हाताशी ठेव. गर्दीत मोठी नोट भाईर काढायची न्हाई."

"व्हय."

"नवी चप्पल घालून येऊ नको. पायाला बसलेली जुनी घाल. हितं लई चालावं लागतं."

"माझ्याकडं नवी हाय कुठं?"

"गाडीत कुनी खायाला दिलं तर घ्यायचं न्हाई."

"आरं, देनाऱ्याला काय वाटंल?"

"म्हन, उपास हाय."

असं कितीतरी. पिशवीला नसरापूरच्या बाजारातून साखळी-कुलूप घ्यायचं आणि ते बाकाच्या पायाला अडकवायचं. पाण्याची बाटली घरूनच न्यायची. हमाल आणि डायवर जिथं जेवतात तिथं जेवायचं, स्वस्त असतं आणि शिळं नसतं. पहिल्यांदा आलोय हे कुणाला सांगायचं नाही, विचारलंच तर म्हणायचं पोराकडं आलेय. रस्ता विचारायचा तर दोघांना विचारायचा, आणि दोघांचं एक आलं तरच त्या वाटेनं जायचं. त्यातही बाईमाणसाला नाहीतर दुकानात बसलेल्याला विचारायचं. आपण न विचारता जो सांगायला पुढं येतो त्याचं ऐकायचं नाही.

आक्कांना लिहिता-वाचता येत नाही. पण वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येतानासुद्धा त्यांचं पुटपुटणं चालायचं. इंद्रजित मध्येच परीक्षा घ्यायचा.

"हावडा स्टेशनातनं भाईर आलीस. समोर नदी. टॅक्सीवाला म्हनतो, म्हातारे, लाँच बंद हाय, माझ्या गाडीत बस. काय करशील?"

"म्हनीन, बंद असू दे. म्या घाटावर जाते आन् माझ्या डोळ्यांनी बघते."

"शाब्बास! मग?"

"मग बागबाजारचं तिकीट. पलीकडं उतरले की वरच्या अंगाला चालायचं. च्याच्या टपरीवर इचारायचं, मीनती माशीचं घर कुठं."

इथं त्या दर वेळी हसायच्या. बंगालीत मावशीला माशी म्हणतात हे त्यांना काही केल्या पचायचं नाही. "जित्या बाईला माशी म्हनायचं!" ही मीनती माशी म्हणजे इंद्रजितची घरमालकीण.

शेवटी नक्की ठरलं. भात झोडून झालं की जायचं. आक्कांनी इंद्रायणी भाताची कणगी त्याच्यासाठी बाजूला काढायची ठरवली होती. शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं आणि मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते, तेव्हा मागच्या बांधावरून आक्कांनी फोन धरून हाक मारली.

"मंगल, ह्यो कुनाचा हाय बघ. हिंदी बोलतीया. मला समजंना."

त्याच्या आधी चार दिवस इंद्रजितनं फोनवर सांगितलं होतं की जरा ताप आहे, दोन-चार दिवस बोलणं व्हायचं नाही. मी बांधावर जाऊन फोन कानाला लावला. एक बाई रडत होती. तिचं अर्धं हिंदी, अर्धं बंगाली. मला दोनच शब्द नीट कळले. डेंग्यू, आणि दुसरा शब्द कळायला भाषा लागत नाही. आक्का माझ्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या. माझ्या हातातला डाव तसाच. मी त्यांना काय आणि कसं सांगितलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यांनी मला धरून खाली बसवलं, जणू माझंच काही झालं होतं.

कंपनीच्या लोकांनी त्याला विमानानं पुण्यापर्यंत आणलं, पुढं गाडीनं. नदीकाठी सगळं झालं. गावातल्या बाया आक्कांना गळामिठी घालून रडल्या. आक्का रडल्या नाहीत. दहाव्याला नाहीत, तेराव्याला नाहीत. भात कापलं, झोडलं, पेंढा रचला. बायका हळूच मला म्हणायच्या, हिला रडव गं, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. मी कशी रडवणार? भावजींनी तर बोलणंच टाकलं. आधी थोडकं बोलायचे, ते गेलं. जेवायला हाक मारली की यायचे, खाली मान घालून जेवायचे, उठायचे.

थंडी पडली तसा माशीचा पुन्हा फोन आला. इंद्रजितच्या खोलीत त्याचं सामान आहे, काय करू विचारत होती. माझे मालक, कुंडलिक, म्हणाले, "वहिनी, कंपनीवाल्यांना सांगतो, पार्सलनं येईल. तुमी काळजी करू नका."

"पार्सल नको," आक्का म्हणाल्या. "म्या जाते."

"कुठं?"

"कोलकात्याला."

"आवं, तिथं आता कोन हाय आपलं?"

"त्यानं बोलावलंय न्हवं," आक्का म्हणाल्या. अगदी सरळ म्हणाल्या. कुंडलिकनी भावजींकडं पाहिलं. भावजी भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "म्हशीचं म्या बघतो." कितीतरी दिवसांनी ते बोलले होते.

मग आक्का माझ्याकडं वळल्या. "मंगल, तू येतीस? मला हिंदी येत न्हाई. बाकीचं मला सगळं येतंय."

मी बारावी शिकलेली, पण माझी मजल ट्रेनिंगसाठी पुण्यापर्यंत. भीती वाटत होती. तरी हो म्हणाले. नसरापूरच्या सेवा केंद्रातून तिकिटं काढली, तिथल्याच बाजारातून साखळी-कुलूप घेतलं. कोणतं चांगलं ते मला कळेना. आक्का म्हणाल्या, "बारीक कड्याचं नको, जाड घे. बारीक करवतीनं कापत्यात."

पुण्याच्या स्टेशनावर शिरल्यापासून आक्का पुढं आणि मी मागं. डब्यात बसल्याबरोबर त्यांनी पिशवी बाकाखाली सरकवली, साखळी अडकवली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. जवळच्या बाकावर एक मारवाडी बाई होत्या, चांगल्या. त्यांनी डबा उघडला आणि आमच्यापुढं पुऱ्या धरल्या. मी हात पुढं करणार तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "उपास हाय आमचा." त्या बाई नागपूरला उतरेपर्यंत आमच्याजवळची भाकरी आक्कांनी बाहेर काढू दिली नाही. "उपास सांगितलाय मंगल. आता तिच्यासमोर कशी खायाची?" मी भुकेनं कासावीस. त्या मात्र खिडकीतून बाहेर बघत बसलेल्या. मधूनच म्हणायच्या, "बाटली भरून घ्यायला खाली उतरू नको हां. गाडी कवा हलंल सांगता येत न्हाई, इंद्रजित म्हनतोय." म्हणतोय. म्हणत होता असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

हावड्याला पोचलो ते भल्या सकाळी. एवढी माणसं मी आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती. दारातून बाहेर पडलो तशी टॅक्सीवाल्यांनी घेरलं. आक्कांनी पदर डोक्यावर घट्ट ओढला, माझा हात धरला आणि कुणाकडंही न बघता चालायला लागल्या. एकजण मागंच लागला. "मौसी, लाँच बंद है, लाँच बंद है." मी घाबरून आक्कांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला कित्येक महिन्यांनी हसू दिसलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "बराब्बर तसंच. त्याला म्हन, बंद असू दे. म्या माझ्या डोळ्यांनी बघते."

घाटावर गेलो. आणि लाँच खरंच बंद होती.

नदीवर धुकं होतं. असं दाट की पाणीसुद्धा दिसत नव्हतं, पलीकडचा काठ तर नाहीच. तिकिटाची खिडकी बंद. माणसं पायऱ्यांवर अंग आखडून बसली होती. आक्कांनी माझा हात सोडला. त्या खिडकीपर्यंत गेल्या, बंद फळीला हात लावून पाहिला, परत आल्या. पुन्हा गेल्या.

"मंगल, हे कसं?" त्या म्हणाल्या. "त्यानं ह्याचं न्हाई सांगितलं."

"धुकं आहे आक्का. निघून जाईल."

"त्यानं सांगितलं न्हाई गं धुक्याचं." त्या मटकन पायरीवर बसल्या. "सगळं सांगितलं. चप्पल सांगितली, कुलूप सांगितलं. हे न्हाई सांगितलं. आता कुनाला इचारू?"

आणि त्या रडल्या. इतके दिवस आत धरलेलं सगळं त्या अनोळखी घाटावर बाहेर आलं. मी त्यांना धरून बसले. आजूबाजूची माणसं बघायला लागली, मग एक म्हातारा आपणहून तोंड फिरवून बसला, त्याला बघून बाकीच्यांनीही तोंडं फिरवली. पुण्यापासून तिथपर्यंत आक्का त्याच्या आवाजाचा हात धरून आल्या होत्या. घाटावर येऊन तो आवाज संपला. मला तेव्हा कळलं की पोर गेल्याचं त्यांना आत्ता, या पायरीवर कळतंय.

रडून दमल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "धुकं तर आपल्याकडं बी असतंया," त्या हळूच म्हणाल्या. "आईला धुक्याचं काय सांगायचं, असं वाटलं असंल त्याला."

मी एका फुलवाल्या बाईला विचारलं, मग टपरीवाल्याला. दोघांनी एकच सांगितलं, ऊन आलं की लाँच सुटेल. ऊन आलं आणि लाँच सुटली.

बागबाजारच्या घाटावरून वरच्या अंगाला चाललो. गल्ली अरुंद, दोन्हीकडं जुनी घरं. कोपऱ्यावर चहाची टपरी. मी हिंदीतून विचारायला तोंड उघडलं, पण टपरीवाला आक्कांच्या लुगड्याकडं बघत होता. आक्का नऊवारी नेसतात. तो हातातलं भांडं ठेवून बाहेर आला.

"इंद्रोर मा?" त्यानं विचारलं.

आक्कांना भाषा कळत नव्हती, पण इंद्रो आणि मा हे दोन शब्द कळले. त्यांनी मान हलवली. त्या माणसानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग गल्लीत ओरडून काहीतरी सांगितलं आणि दारं उघडायला लागली. इस्त्रीवाला आला, मासे विकणारी एक बाई आली, वरच्या गॅलरीतून एक आजोबा खाली आले. इंद्रजितनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, माझी आई येणार आहे. भात कापून झालं की येणार आहे, एकटी येणार आहे. मासेवाली मला हिंदीत म्हणाली, "आम्ही रोज विचारायचो, केव्हा येणार? तो म्हणायचा, म्हैस सोडत नाही तिला." आणि तिनं आक्कांना विचारलं, "चांदी कशी आहे?"

बाकी काही नाही, तरी चांदी हे नाव आक्कांना कळलं. दीड-दोन हजार किलोमीटरवर कुणीतरी त्यांच्या म्हशीला नावानं ओळखत होतं.

मीनती माशी साठीच्या पुढची, एकटी बाई. तिनं आम्हाला आत नेलं आणि आधी जेवायला बसवलं. भात आणि माशाचं कालवण. आम्ही नदीकाठची माणसं, भात-मासे आमच्या रोजच्या ओळखीचे. आक्का पोटभर जेवल्या. जेवण झाल्यावर माशीनं त्याची खोली उघडून दिली. गच्चीवरची लहानशी खोली. एक खाट त्याची. दुसरी खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. ती त्यानं माशीकडून मागून वर आणली होती, आईला जमिनीवर झोपायला नको म्हणून.

आक्कांनी माशीला खुणेनं खाटेवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "हिला इचार, शेवटाला तो काय म्हनला."

माशी सांगायला लागली आणि मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. ताप चढत होता तेव्हा माशीनं त्याला म्हटलं होतं, आईला बोलाव. तो नको म्हणाला. म्हणाला, ती घाबरेल, तिनं कधी असला प्रवास केलेला नाही. पहिल्यांदा येणार ती गाव बघायला येऊ दे, आजाऱ्याजवळ बसायला नको. आधी मी बरा होतो. दवाखान्यात नेलं त्या दिवशीसुद्धा माशीनं फोन मागितला होता. त्यानं दिला नाही.

मी हे सांगून थांबले. आक्का उभ्या केलेल्या खाटेकडं बघत होत्या.

"म्या आले असते," त्या म्हणाल्या. "मला सगळं पाठ व्हतं."

माशीला मराठी येत नाही. हे वाक्य मी तिला हिंदीत सांगू शकले नाही. तिनं विचारलंही नाही. ती उठली आणि आक्कांच्या शेजारी जाऊन बसली.

आम्ही काही दिवस तिथं राहिलो. आक्कांनी दुसरी खाट आडवी करून घेतली आणि तिच्यावर झोपल्या. दिवसा ट्राममध्ये बसलो, लाँचनं देवीच्या दर्शनाला गेलो. हमाल जेवतात तिथं जेवलो. इंद्रजितचे कपडे इस्त्रीवाल्याच्या पोरांना दिले. हत्यारांची पेटी त्याच्या बरोबर काम करणाऱ्याला दिली. आक्कांनी स्वतःसाठी त्याचा एक स्वेटर घेतला, बाकी काही नाही. निघताना सगळी गल्ली घाटापर्यंत आली.

गावात पोचलो तेव्हा भावजी ओसरीत बसलेले होते. चांदीची धार काढून झाली होती. आक्कांनी पाय धुतले, चहा टाकला, त्यांच्यासमोर बसल्या आणि आपणहून सांगायला लागल्या. नदी कशी मोठी आहे, खोली कशी स्वच्छ ठेवली होती, माणसं कशी मायाळू, सगळ्यांना चांदी ठाऊक, आई एकटी येणार म्हणून त्यानं कसं सांगून ठेवलं होतं. भावजी ऐकत होते. चहा निवून गेला.

मग त्यांनी विचारलं, "माझं काय सांगायचा त्यास्नी?"

मी आठवून पाहिलं. टपरीवाला, मासेवाली, माशी. आई, म्हैस, भात, नदी, जत्रा. त्या सगळ्या बोलण्यात बापाचं नाव कुणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. जो फोनवर कधी बोलला नाही त्याच्याबद्दल पोरगं काय सांगणार? मी आक्कांकडं पाहिलं.

आक्कांनी डोळे खाली घातले नाहीत. "सांगायचा की," त्या म्हणाल्या. "ती माशी म्हनली, लई सांगायचा. म्हनायचा, माझा बा बोलत न्हाई, पन काम बघावं तर बाचं. बांध घालावा तर त्यानंच. मशिनीचं काम तो हातात घ्यायचा ते तुमच्यासारखंच, सावकाश. आसं म्हनली ती. न्हवं का गं मंगल?"

"हो," मी म्हणाले.

भावजींनी निवलेला चहा एका घोटात संपवला. ते उठले, गोठ्यात गेले आणि आतून दार लोटून घेतलं. आक्कांनी मला खुणेनं थांबवलं. आम्ही दोघी ओसरीतच बसून राहिलो, आतून येणारा आवाज ऐकू येत नाही असं एकमेकींना दाखवत.